बोकड हलवण्याचा ठराव

भाद्रपदातल्या एका बुधवारी दुपारी संस्थेच्या सभेत ठराव झाला की बोकड आमच्या अंगणातून काढून केंद्रात बांधायचा. बाजूने एकतीस हात वर झाले, विरुद्ध दोन. ठराव मी लिहिला. अक्का त्यानंतर अकरा महिने जगली.

अक्का ही माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चौथीपर्यंत शिकली. नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि इथेच राहिली. मी कळंबला एका हायस्कुलात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पुस्तकांची खोकी टेम्पोत घालून गावी आलो आणि तिच्या घरात माझी एक खोली केली. गाव कळंबपासून काळी-पिवळीनं अर्ध्या तासावर. घरात आम्ही दोघं, अंगणात अक्काच्या पाच-सहा शेळ्या आणि एक बोकड.

बोकड आमचा नव्हता. तो गावातल्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांचा होता, सगळ्यांचा मिळून. कुणी कधी तो विकत घेतला, याची आठवण कुणालाच नव्हती, कारण तो विकत घेतलेलाच नव्हता. दर दोन वर्षांनी दसरा झाला की इथला बोकड बेंबळीकडच्या एका गावाला जायचा आणि तिथला इथं यायचा. दोरीच्या बदल्यात दोरी. मधे पैसा नाही की कागद नाही. आमच्या भागातली शेळी काळी, लांब कानांची, बहुतेक वेळा जुळी देणारी. ती तशीच राहावी म्हणून बापाची गाठ लेकीशी पडू द्यायची नसते, आणि लेकी वयात येण्याच्या सुमाराला बाप गावातून गेलेला असावा लागतो. एवढं साधं त्यामागचं शास्त्र. ते बायकांना ठाऊक होतं. मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं, आणि पुस्तकात वाचल्यामुळे मला वाटायचं की खरं ते मलाच ठाऊक आहे.

शेळी माजावर आली की बाई तिला ओढत आमच्या दारात आणायची. बरोबर शेवरीच्या किंवा सुबाभळीच्या पाल्याचा भारा, तो बोकडाचा. अक्का लगेच दार उघडत नसे. आधी विचारायची, "हिची आई कुणाची?" बाईनं सांगायचं. मग अक्का शेळीची हनुवटी धरून तोंड वर करायची, कान उलटा करून बघायची, पाठीवरनं हात फिरवायची.

"खोटं बोलतीस. ही तुझ्या जावंच्या बिनशिंगी बोडकीची हाय."

"तिच्याकडनंच आणलीया, अक्का. पण आई दुसरी म्हनली ती."

"ती म्हनंना का. ह्याचीच लेक हाय ही. ह्याला न्हाय द्यायची. दसरा होऊ दे, नवा येईल."

बाई पुटपुटत शेळी परत न्यायची. पाल्याचा भारा मात्र तिथंच राहायचा. तो परत नेणं बरं दिसत नसे.

चाळीसेक घरांतल्या शेळ्या, त्यांच्या आया, त्यांच्या आज्या, कोण कुणाला झाली, कोणती कोणत्या घरी गेली, हे सगळं अक्काच्या डोक्यात होतं. माणसांची नाती ती विसरायची. माझ्या मावसभावाला तिनं दोनदा दुसऱ्याच नावानं हाक मारली. आमच्या भिंतीला भिंत लागून चाची राहते. तिचा नवरा कळंबच्या बाजारात बकऱ्यांचा व्यापार करतो आणि बोकडांची अदलाबदल करायला बेंबळीकडं जायची ती हीच. चाची म्हणायची, "मास्तर, तुमची अक्का आदमी भूलती, बकरी नहीं भूलती. लई जुनं खातं हाय तिच्याकडं."

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. एखादी म्हातारी अंगणात बसून शेळ्यांच्या सोयरिकी जमवते, असं. मी खोलीत बसून वाचत असायचो आणि दारातला संवाद कानावर पडायचा. त्यातलं एक वाक्यही मी कधी लिहून ठेवलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पुस्तकांना नंबर घातले, ती चिकटवली, कपाटात लावली.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक सामाजिक उद्योग आमच्या गावात आला. तो खादीचं जाकीट घालून पांढऱ्या गाडीतून उतरला. जाकीटवाला वयानं तिशीतला, वागायला फार नम्र. अंगणात सतरंजीवर बसला, कान तुटलेल्या कपातला चहा प्याला, कपाची तारीफ केली. अक्काला त्यानं बोकडाविषयी दोन तास प्रश्न विचारले. तिनं सगळं सांगितलं. तो "वा, वा" म्हणत टॅबवर लिहीत राहिला. पुढच्या खेपेला त्यानं बायकांची सभा घेतली आणि शाश्वत, स्थानिक, मूल्यसाखळी, सक्षमीकरण असे शब्द वापरले. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. त्या सगळ्या भाषणातला एकच शब्द त्यांनी घरी नेला: शेड. ज्या घरी दहा बिल्लेवाल्या शेळ्या, त्या घराला पत्र्याचं शेड.

बायकांची सहकारी संस्था रीतसर नोंदवली गेली. अध्यक्ष झाली सरपंचाची भावजय. तिनं शेळीची दोरी हातात धरलेली मी कधी पाहिली नाही. फोन मात्र कधी हातातून सुटत नसे. तिला सगळे अध्यक्षबाई म्हणू लागले आणि तीही स्वतःचा उल्लेख तसाच करू लागली. मला मानद सचिव केलं. माझं अक्षर चांगलं म्हणून. जाकीटवाला मला 'सर' म्हणायचा. हायस्कुलात तीस वर्षांत मला फक्त ग्रंथालयाचे मास्तर म्हणत, तेही पुस्तक हरवलं तरच. 'सर' हा शब्द मला गोड लागला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मग बिल्ल्यांचं शिबिर झालं. शेळीच्या कानात पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला मारायचा, त्यावर नंबर, आणि नंबराखाली टॅबमध्ये माहिती भरायची: वय, रंग, मालकीण, आई. आईचा रकाना कुठून आला, हे मला लगेच कळलं. अक्काच्या दारातला प्रश्न त्यानं उचलला होता आणि आता तो पुण्याहून परत आला होता, 'वंशावळ मॉड्यूल' असं नाव लावून. फरक एवढाच की अक्का प्रश्न विचारून शेळीकडं बघायची. टॅब बाईकडं बघतो. बाई सांगेल ते घेतो.

दहा शेळ्या कुणाकडं होत्या? चौघी-पाचजणींकडं. बाकीच्यांनी काय केलं ते आमच्याच बायका करू शकतात. त्यांनी माहेरी निरोप धाडले. शिबिराच्या आदल्या दिवशीपासून गावात शेळ्या येऊ लागल्या. बहिणीची, वहिनीची, मावशीची, नणंदेची. कुणी काळी-पिवळीच्या टपावर, कुणी मोटारसायकलवर पोटाशी धरून. एक मुरुमहून आली, टेम्पोत मिरच्यांच्या पोत्यांवर उभी राहून, आणि दिवसभर शिंकत होती. गावातल्या शेळ्यांची संख्या एका रात्रीत दीडपट झाली आणि पाव्हण्या शेळ्या नव्या अंगणात घाबरून ओरडत राहिल्या.

पण अट अशी होती की शेळी स्थानिक पाहिजे, गावातल्याच आईची. म्हणून प्रत्येकीनं आपल्या पाव्हणीला गावातली एक आई देऊन टाकली. मी टेबलाशी बसलो होतो. बाई सांगत होती, मी मोठ्यानं म्हणत होतो, जाकीटवाल्याचा सहायक टॅबवर बोट आपटत होता, आणि मी स्वतः रजिस्टरात लिहीत होतो. अक्का माझ्या मागे खांबाला टेकून उभी होती.

"ही चाचीच्या बोडकीची लेक," एक बाई म्हणाली.

अक्का म्हणाली, "चाचीची बोडकी दोन वर्सं वांझ हाय."

बाई हसली. "मग तिच्या भैनीची लिवा."

"तोंड बघ तिचं," अक्का मला म्हणाली. "ही आपल्या गावची तरी वाटती का?"

मी तिला म्हणालो, "अक्का, रजिस्टरात मालकानं सांगितलेलं लिहायचं असतं. आपण निवाडा करायचा नसतो."

ती खांबापासून निघून सरळ घरी गेली. रजिस्टरातली ती पानं माझ्या हातची आहेत. अक्षर चांगलं आहे, खाडाखोड नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटं आहे.

शिबिर संपलं, पाव्हण्या शेळ्या कानात पिवळे बिल्ले घेऊन आपापल्या गावी गेल्या. महिन्याभरात जाकीटवाल्याचा फोन आला की ज्यांनी निधी दिला ते लोक पाहणीला येणार. गावात धावपळ. शेळ्या पुन्हा आणायच्या म्हणजे भाडं आणि उपकार. तेव्हा सोयऱ्यांना सांगितलं की नुसते बिल्ले कापून पाठवा. सोयऱ्यांनी पाठवले. कानातून कापलेला बिल्ला पुन्हा कानात बसत नाही, म्हणून बायकांनी तो काळ्या दोऱ्यात ओवून जी हाताला लागेल तिच्या गळ्यात बांधला. कुठं म्हाताऱ्या शेळीच्या, कुठं दोन महिन्यांच्या करडाच्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "हा काळा दोरा कशासाठी?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "नजर लागू नये म्हणून."

बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. पुढे त्यांच्या पुस्तिकेत छापून आलं, फोटोसकट, 'स्थानिक पारंपरिक ज्ञान' या मथळ्याखाली. मी ती पुस्तिका खोलीतल्या कपाटात लावली होती. आता काढून टाकली आहे.

शेड मिळाली. त्या पत्र्याखाली बऱ्याच घरांत आता मोटारसायकल असते.

यानंतर तो बुधवार आला. सभेत जाकीटवाल्यानं सांगितलं की बोकड ही आता संस्थेची मालमत्ता आहे, ती एका व्यक्तीच्या घरी असणं पारदर्शक नाही. शाळेमागे केंद्र बांधलं होतं, बोकड तिथं राहील. कोणती शेळी कधी आणि कोणत्या बोकडाला, ते टॅब ठरवेल.

अक्का उभी राहिली. सभेत उभं राहून बोलायची तिला सवय नव्हती. पदर खांद्यावर घट्ट ओढून म्हणाली, "बोकड न्या. मला काय त्याचं, वासच लई येतो अंगणात. पर दारात बघणार कोण?"

"अक्का, आता सिस्टीम बघणार ना," जाकीटवाला म्हणाला.

"तिला शेळीचं तोंड वळखू येतं का?"

बायका हसल्या. जाकीटवालाही हसला. अध्यक्षबाई फार मायेनं म्हणाल्या, "अक्का, तुमाला किती दिस तरास द्यायचा आमी? वय झालं तुमचं. आता आराम करा." आमच्या गावात एखाद्याच्या हातातलं काही काढून घ्यायचं असलं की आधी त्याच्या वयाची काळजी करतात.

चाची बसल्या जागेवरून म्हणाली, "आराम तिला नक्को. बोकडाला पाहिजे. बत्तीस बायकांचं ऐकायचं म्हंजे."

हशा झाला. मग हात वर झाले. विरुद्ध दोन हात अक्काचा आणि चाचीचा. ज्यांना अक्कानं शेळी फळवून दिली होती, ज्यांच्या अडलेल्या शेळ्या हात घालून मोकळ्या केल्या होत्या, त्या एकतीसजणी समोरच्या भिंतीकडं बघत हात वर करून बसल्या होत्या. मानद सचिवाला मत नव्हतं, आणि त्या दुपारी मला त्याचं बरं वाटलं. मी ठराव वाचून दाखवला. सर्वानुमते असं लिहायला अध्यक्षबाईंनी सांगितलं होतं. मी बहुमताने असं लिहिलं. एवढंच शौर्य माझ्या खात्यावर आहे.

संध्याकाळच्या आत बोकड नेला. अक्कानं त्याची दोरी स्वतः सोडली, आणि खुंटा उपटून सरपणात टाकला.

दसरा आला. नोंदलेली मालमत्ता गावाबाहेर जाऊ शकत नाही, असं जाकीटवाल्यानं कळवलं. अदलाबदल बंद. ते सांगायला चाचीला बेंबळीकडं जावं लागलं. परत आली ती थेट आमच्या ओसरीवर येऊन बसली. "त्यांनी आपला बोकड धून, शिंगाला तेल लावून ठेवला व्हता," ती म्हणाली. "म्या खाली हातानं गेले. तिथल्या बोकडवाल्या म्हाताऱ्यानं पानी दिलं, च्या बी दिला. कायबी बोलला न्हाय. बोलला असता तर बरं झालं असतं."

जुना बोकड आता तिसऱ्या वर्षात इथंच राहिला. त्याच्या लेकी वयात आल्या होत्या. टॅबच्या हिशेबानं मात्र त्यातल्या निम्म्या त्याच्या लेकी नव्हत्याच, त्या पाव्हण्यांच्या बिल्ल्यांवर कुणाकुणाच्या लेकी होत्या. टॅबनं त्या बिनदिक्कत त्याला दिल्या.

नवं रक्त हवं म्हणून संस्थेनं एक दुसरा बोकडही आणला. कळंबच्या बाजारातून, व्यापाऱ्याच्या हातच्या चिठ्ठीसह: बोकड सोलापूरकडचा. केंद्रात त्याचं हार घालून स्वागत झालं. अक्का बघायला गेली. मीही होतो. तिनं बोकडाचा उजवा कान उलटा केला. मुळाशी केसांचा एक भोवरा होता. ती तशीच वाकून काही वेळ बघत राहिली.

"चाची," तिनं हाक मारली, "इकडं ये. हा कुठला?"

चाचीनं वाकून पाहिलं. "हौ गे अक्का. वहीच है. आमच्या घरातनं गेलेला. गेल्या साली आमच्या माणसानंच इकला की."

"बाप कोन ह्याचा?"

चाचीनं शेजारी बांधलेल्या जुन्या बोकडाकडं बोट केलं.

मी जाकीटवाल्याला सांगितलं. तो अक्काकडं वळून म्हणाला, "मावशी, असं नुसतं बघून कसं कळेल? आपल्याकडं पेपर आहे." पेपर होता. तो मीच फायलीला लावला होता. नवं रक्त म्हणून संस्थेनं पोराला बापाशेजारी आणून बांधलं होतं, हार घालून.

फाल्गुनापासून शेळ्या विऊ लागल्या. ज्या गावात जुळं नाही झालं तर बाई शेजारणीला सांगायला लाजायची, तिथं एक-एक करडू होऊ लागलं. कुणाचा खालचा जबडा आखूड, त्याला आईचं थान धरता येईना. कुणाचे मागचे पाय आत वळलेले. काही शेळ्या दिवस भरायच्या आधीच गाभडल्या. प्रत्येक घरानं ते दुसऱ्या घरापासून लपवलं. अध्यक्षबाईंनी ऊन लवकर लागल्याचं कारण सांगितलं. मी त्या वेळी संस्थेचा वार्षिक अहवाल लिहीत होतो. त्यात मी 'हवामानातील बदलांमुळे पिल्लांच्या आरोग्यावर काही प्रमाणात परिणाम झाला' असं वाक्य घातलं. जाकीटवाल्याला ते फार आवडलं. पुण्यात त्या वाक्यावर म्हणे एक नवा प्रस्ताव तयार झाला.

मग बायका अक्काकडं येऊ लागल्या. दुपारी, केंद्राला कुलूप असताना, गल्लीत कुणी नाही असं बघून. शेळी पाठीमागच्या दारानं आणायच्या. हात वर करणाऱ्याच सगळ्या.

"अक्का, हिला कोणता देऊ? दोन्ही बोकड सारखेच दिसत्यात."

"सारखेच हायेत. हिची आई कुणाची?"

"बिल्ला म्हनतो चाचीच्या काळीची."

"तू काय म्हनतीस?"

"बिल्ला माझ्या मावशीच्या शेळीचा हाय, अक्का."

"मग ही कुणाची?"

"आता काय सांगू. धा-बारा करडं एकदम होती. बिल्ले बांधायच्या गडबडीत कोन कुनाची त्याचं ध्यानच न्हाय ऱ्हायलं."

अक्का रागावली नाही. रागावली असती तर मला सोसलं असतं. ती शेळीचं तोंड वर करून बघायची, आणि बहुतेक वेळा सांगायची. काही वेळा म्हणायची, "नीट कळंना. म्या घरी येते." मग काठी घेऊन ती त्या घरी जायची आणि तिथल्या सगळ्या शेळ्या एकेक करून बघायची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती अशी घरोघर फिरली. सगळं पुन्हा जुळवत होती. कुठली खरी कुणाची, कुठल्या कळपात त्या दोन बोकडांचं रक्त शिरलेलं नाही, कुणाला राखून ठेवलं तर दोन-तीन विणीत सगळं पुन्हा सुधारेल. वेळ आहे, असं तिचं म्हणणं होतं, पण फार नाही. आणि डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नाही, हेही तीच म्हणाली.

एका सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. खोलीत ती सहसा येत नसे.

"तू लिहून घे. म्या सांगते. एका वहीत सगळं."

"अहवाल संपू दे, अक्का. आठ दिवस."

आठ दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो फोटोंच्या खालच्या ओळी राहिल्यात. आषाढात तिसऱ्यांदा विचारलं.

"कोन वाचतं रे तुझं हे?" तिनं टेबलावरच्या कागदांकडं बघत विचारलं.

"पुण्याचे लोक."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

अहवाल चाळीस पानांचा झाला. त्यात 'समुदायाचे ज्ञान' असं एक प्रकरण आहे. ते मी लिहीत होतो तेव्हा समुदायाचं ज्ञान भिंतीपलीकडं पाला तोडत होतं.

श्रावणात, सकाळी, पाल्याचा भारा सोडताना ती भिंतीला टेकून बसली. चाचीनं मला हाक मारली. मी बाहेर आलो तेव्हा ती गेली होती. हातात सुबाभळीची फांदी होती आणि एक शेळी ती ओढून खात होती. चाचीनं शेळीला हाकललं नाही. मीही नाही.

शोकसभा केंद्रात झाली. जाकीटवाला पुण्याहून आला, फोटोला हार घातला, अक्का म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ होतं असं म्हणाला. ती चालत होती तेव्हा त्याला तिचं वय दिसलं होतं आणि बोलली तेव्हा तो हसला होता. अध्यक्षबाईंनी केंद्राला अक्काचं नाव द्यायचा ठराव मांडला. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्याविषयीचं रडू खरंच येतं. ते जिवंत असताना मात्र त्या रडण्याला कुठं वाट नसते. चाची उठून बाहेर गेली. एकतीस हात वर झाले, आणि मला ठराव लिहायला सांगितलं. मी पेन टोपण लावून खिशात ठेवलं आणि सांगितलं की माझा राजीनामा समजा. कुणीतरी म्हणालं, "सरांना लई लागलंय." 'सर' म्हणाले. तेवढा मान शेवटपर्यंत मिळाला.

महिना झाल्यावर मी एक नवी वही घेतली आणि चाचीला म्हणालो, तुमच्या ध्यानात आहे तेवढं लिहू. चाची म्हणाली, "तिचं चार आनं माझ्याकडं असंल. पण चला." आम्ही घरोघर गेलो. अक्का जशी बघायची तसं चाची बघायची, हनुवटी धरून, कान उलटून. तिला काही शेळ्या ओळखू आल्या. काहींपाशी ती थबकायची आणि म्हणायची, "हिची सांगितली असती अक्कानं. मला न्हाय यायचं."

बायका चहा करायच्या, अक्काची आठवण काढून डोळे पुसायच्या. शेळ्यांविषयी विचारलं की गप्प. मला आधी कळेना. शेवटी एकीनं बाहेरपर्यंत येऊन हळूच सांगितलं.

"मास्तर, वहीत खरं लिवू नगा."

"का?"

"पाहणीवाले पुन्ना येणार हायेत माघात. तुमच्या वहीत ही चाचीच्या काळीची न्हाय असं निघालं, तर बिल्ला खोटा ठरंल. मग शेड काढून नेतील की वो."

"पण करडं लंगडी निघतात, तुम्ही बघताय ना?"

"ते हायेच," ती म्हणाली. "पर शेड काढून नेलं तर गाडी कुठं लावायची? मालक काय म्हनतील?"

मी तिच्याशी वाद घातला नाही. रजिस्टरात मालकानं सांगितलेलं लिहायचं असतं, हे मीच तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना शिकवलं होतं. ती तसंच सांगत होती. आमच्या गावात शेळ्यांचा वंश एका बाजूला आणि मोटारसायकलवरचा पत्रा दुसऱ्या बाजूला, आणि लोकांनी विचार करून पत्रा निवडला. त्यांना फसवलं असं मी म्हणणार नाही. जाकीटवाला एकटा कुणाला फसवण्याइतका हुशार नाही. त्यानं विचारलं, त्यांनी सांगितलं, मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. सहकार म्हणतात तो हाच असेल तर आमच्या गावात तो फार चांगला रुजला आहे.

कार्तिकात चाची बेंबळीकडं पुन्हा जाऊन आली. त्या गावानं त्यांचा बोकड दुसऱ्या एका गावाशी बदलला होता. म्हाताऱ्यानं तिला पुन्हा चहा दिला. आता दोन वर्षं थांबा, म्हणाला, आणि तेव्हा तुमच्याकडं द्यायला शुद्ध बोकड असला तर या. नसला तर येऊ नका.

आम्ही वही बंद केली तेव्हा तीत चौदा शेळ्यांची नोंद होती, आईसकट, आजीसकट. त्यातल्या तीन या उन्हाळ्यात बाजारात विकल्या गेल्या. केंद्रात बाप आणि मुलगा शेजारी शेजारी बांधलेले आहेत आणि दारावर अक्काच्या नावाची पाटी आहे. आमच्या अंगणात बोकड नाही. खात्रीच्या शेळ्या गावात अकरा उरल्या आहेत.